डोमकावळ्याखालचे पेव

मित्रांनो, माझ्यात डोकावून पाहिलेत तर तुम्हाला काहीच दिसणार नाही. मी एक जुने पेव आहे, आणि पेव म्हणजे मुळात धान्य साठवण्यासाठी जमिनीत केलेली पोकळी. भांड्याला पत्रा असतो, घराला भिंती असतात. माझ्याभोवती होता तो फक्त आमच्या टेकडीचा पांढरा खडू, म्हणजे मऊ चुनखडीचा दगड. आता ती पोकळीही माती पडून भरली आहे. पण एके काळी एका अख्ख्या टेकडीचे पुढचे वर्ष माझ्या पोटात मावत असे. त्यातले एक वर्ष माझ्यापाशीच राहून गेले. ते कसे राहिले, तेवढेच मला सांगायचे आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. मला डोळे नाहीत. मी सांगेन ते बहुतेक ऐकलेले आहे. तोंड उघडे असताना मला वरचे शब्द नीट ऐकू येत. झाकण बसले की ते दबून येत, पण माझ्याजवळ उभे राहून कोणी बोलले तर मला कळे. माणसांची पावले मात्र मला नेहमीच कळत. जिथे मला काही समजले नाही, तिथे मी तसे सांगेन.

आमची टेकडी ब्रिटन बेटाच्या दक्षिणेला, समुद्रापासून दिवसभराच्या चालीवर आहे. तिच्याभोवती मातीचे तीन तट होते. आत गवताने शाकारलेली गोल घरे होती आणि घरांमागच्या उंचवट्यावर आम्ही पेवे होतो.

मला आंडोकने खणले. लोखंडी कुदळ आणि हरणाचे शिंग एवढीच त्याची हत्यारे होती. बारा दिवस लागले. मी पुरुषभर खोल झाले, खाली रुंद आणि वर अरुंद, एखाद्या रांजणासारखे. वर काठावर त्याची बायको वेलोरिगा उभी असे. टेकडीचे बियाणे सांभाळण्याचे काम तिच्या घराण्यात आईकडून मुलीकडे येत आले होते. म्हणून पेव कसे असावे हे तिने सांगायचे आणि आंडोकने ऐकायचे, अशी रीत होती.

"पोट मोठं चालेल, तोंड लहान ठेव," ती वरून म्हणे.

"हे बायकांना घडवताना कुणी का नाही सांगितलं?" आंडोक खालून म्हणे.

"तुझं पोट अडकेल इतकंच ठेव. मग आत बसून बोलत राहा हवं तेवढं."

माझ्या भिंतींवर त्याच्या कुदळीचे वार बरीच वर्षे तसेच होते. तो गेल्यावरही होते.

खणून झाल्यावर माझ्यात पेंढा पेटवून मला कोरडे केले. मग जव भरले. वर चिकणमाती आणि शेण मळून वीतभर जाड झाकण बसवले आणि त्यावर माती ओढली. इतरांची झाकणे इतकी जाड नव्हती. त्यांच्यावर टाच आपटली की पोकळ आवाज येई. माझ्यावर आपटली की काहीच येत नसे. म्हणून माझे नाव मुके पडले.

धान्य जमिनीत राहते कसे, हे मी सांगायला हवे, कारण माझे सगळे आयुष्य त्यावरच होते. भिंतीला टेकलेले दाणे ओल धरतात आणि उगवू लागतात. उगवताना ते आतली चांगली हवा वापरून टाकतात आणि जड हवा सोडतात. चांगली हवा संपली की किडे मरतात, बुरशी थांबते, आणि मधले सगळे दाणे झोपी जातात. कडेचे थोडे मरतात म्हणून मधले जगतात. ही झोप हिवाळाभर टिकते. पण झाकण एकदा उघडले की ती मोडते. मग पेव पूर्ण रिकामे करावे लागते. म्हणून बियाण्याचे पेव वसंतात एकदाच उघडायचे, आणि उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही. चरबीत भिजवलेली लव्हाळ्याची वात दोरीने खाली सोडायची. ती विझली तर थांबायचे. एखादा उतावळा असलाच तर वेलोरिगा म्हणे, "घाई आहे ना? मग आधी तुझ्या सासऱ्याला उतरव."

असे वीस वसंत गेले. माझे बी चांगले उगवे. वीस दाणे पेरले तर एकोणीस वर येत. दुसऱ्या टेकड्यांवरचे लोक आपले टोपलीभर बी देऊन मुक्याचे टोपलीभर घेऊन जात. मला त्याचा अभिमान होता. जमिनीतल्या खड्ड्याला अभिमान असू नये असे नाही.

आमच्या लोकांत लिहिण्याची पद्धत नव्हती. जे महत्त्वाचे ते पाठ करायचे आणि पुढच्या माणसाला पाठ करून द्यायचे. पेवांचेही एक गाणे होते. उंचवट्यावर शेकड्यांनी जुनी पेवे बुजलेली होती आणि वरून सगळीकडे गवत सारखेच दिसे. चालू पेव कोणते हे त्या गाण्यावरूनच कळे. एकतीस पेवे, आणि प्रत्येक ओळ एका पेवापासून पुढच्यापाशी नेणारी. माझ्या आसपासच्या ओळी अशा होत्या:

दोघी बहिणींच्या पाठीमागं रडका,
रडक्यापासून वीस पावलं, उगवतीला मुकं,
मुक्यापासून वीस पावलं, तिथं खापऱ्या.

दोघी बहिणी म्हणजे शेजारी शेजारी खणलेली दोन पेवे. रडक्यात नेहमी थोडे पाणी झिरपे. खापऱ्या खणताना जुनी खापरे निघाली होती.

पेव म्हातारे झाले, त्याच्या भिंती ओल धरू लागल्या, की ते बंद करत. ज्या जमिनीने इतकी वर्षे धान्य राखले तिला काहीतरी द्यायचे, मग माती लोटायची. कधी घोड्याची कवटी देत, कधी कुत्रा. ज्या पेवाने फार चाकरी केली असेल त्याला डोमकावळा देत, पंख पसरून. मग गाण्यातून त्याची ओळ काढत आणि पुढची-मागची ओळ जोडून टाकत. बंद केलेले पेव पुन्हा कोणी उघडत नसे. ते उघडणे म्हणजे खालच्यांना, जमिनीखालच्या देवांना, दिलेले परत मागणे. लहान मुलेसुद्धा त्या जागी माती उकरत नसत.

वेलोरिगाची एकुलती मुलगी बाळंतपणात गेली. त्यामुळे गाणे तिने सुनेला शिकवायला घेतले. सुनेचे नाव एनिका. ती दोन नद्या ओलांडून दुसऱ्या टेकडीवरून आली होती, आणि तिला आमची जमीन लहानपणापासून पायाखालची नव्हती. तिला गाण्यावरच विसंबावे लागे. सासूला ती आत्याबाई म्हणे. दोघी काठी टेकत पेवापेवाला उभ्या राहून ओळी म्हणत. एनिका चुकली की वेलोरिगा तिच्या माहेरच्या टेकडीचा उद्धार करी, आणि एनिका म्हणे की आमच्याकडे पेवे कमी होती पण सासवाही कमी बोलत. मला त्यांचे पाय ओळखू येत. वेलोरिगाचा डावा पाय किंचित ओढत येई. एनिका टाचेवर जोर देऊन चाले.

मग रोमचे सैन्य आले.

आधी फक्त बातम्या आल्या. पूर्वेकडची एक टेकडी आदल्या वर्षी पडली होती. तिथून पळून आलेला एक माणूस उन्हाळ्यात आमच्याकडे राहिला. मी ऐकले ते वेलोरिगा आणि तिचा मुलगा मातुगेन माझ्या काठावर उभे राहून बोलत होते ते. त्या टेकडीवर लोक तटासाठी लढले, आणि तट पडला. पण तेवढ्याने लोक संपले नव्हते. सैनिकांनी सगळी पेवे उपसली, बियाण्याचीसुद्धा. वसंतात पेरायला मूठभरही काही नव्हते. तेव्हा जे उरले होते ते आपणहून खाली उतरले. रोमचे लोक खोऱ्यातून नवा रस्ता बांधत होते. तिथे दगड फोडणाऱ्याला रोज एक माप धान्य मिळे. एकदा जो रस्त्यावर गेला तो रस्त्याचाच झाला.

"तट पुन्हा बांधता येतो," वेलोरिगा म्हणाली. "बी गेलं की आपण संपलो."

तिने तेव्हाच ठरवले होते. टेकडीवर तीस पेवे आहेत असे सगळ्यांना वाटले पाहिजे. एकतिसावे बंद झालेले असले पाहिजे, इतके रीतसर की कोणी शंका घेऊ नये. त्या वर्षीच्या कापणीतले सर्वात चांगले जव त्या मायलेकांनी माझ्यात भरले. कोणाला कळू नये म्हणून लोक खालच्या शेतात असतील त्या वेळी ते थोडे थोडे वाहून आणत. वर जाड झाकण बसवले, आणि आतही माती भरल्यासारखे दिसावे म्हणून चार बोटे माती पसरली. मग मातुगेनने तटाखाली मेलेला एक डोमकावळा आणला.

"एनिकाला सांगूया," तो म्हणाला.

"नाही."

"आई, गाणं तिच्याकडं आहे."

"तिच्याकडं दोन मुलंही आहेत. त्या पूर्वेच्या टेकडीवर काय केलं ते ऐकलंस ना? आईसमोर पोराचा हात विस्तवावर धरला. जे तिला ठाऊकच नाही ते ती कशी सांगणार? सैनिक गेले की पेरणीच्या आधी मीच सांगेन."

"आणि आपण दोघंही राहिलो नाही तर?"

"दोघं एकदम कशाला जाऊ? तू तटावर असशील, मी चुलीपाशी." ती थोडी हसली. "तुझा बापही असाच होता. खणायचं कमी, विचारायचं जास्त."

दुसऱ्या दिवशी माझा निरोप झाला. सगळी टेकडी जमली. डोमकावळा पंख पसरून ठेवला. एकेकाने चिमूटभर मीठ टाकले, मग वरून माती लोटली. एनिका रडली. गाण्यातून शिकलेले तिचे पहिले अवघड पेव मी होते, असे ती शेजारणीला म्हणाली. वेलोरिगाने नवे गाणे म्हटले: रडक्यापासून चाळीस पावलं, तिथं खापऱ्या. माझ्या पोटात पुढच्या वर्षाचे बी भरलेले होते, आणि वर मी संपल्याचे लोकांना सांगितले जात होते. तेव्हा मला ते हुशारीचेच वाटले.

एनिकाच्या तोंडी जुनी ओळ बसली होती. पुढचे काही दिवस ती उंचवट्यावरून जाताना चुकून तीच म्हणे.

"मुकं गेलं, सूनबाई," वेलोरिगा खेकसे. "गेलेल्याचं नाव गाण्यात घ्यायचं नाही."

"जीभच वळते तिकडं, आत्याबाई. सात वर्षं घोकलंय."

"वळते तर चावून धर."

एनिका शहाणी होती. तिने खरोखरच ती ओळ मनातून काढून टाकली.

लढाईबद्दल मला फार सांगता येत नाही. गोफणीचे गोटे तटावर ओतल्याचा आवाज दोन दिवस येत होता. आमच्या लोकांनी समुद्रकाठचे गोल गोटे हजारोंनी आणून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी जमिनीला वेगळाच हादरा बसू लागला. दूरवरून लोखंडी टोकांचे मोठे बाण यंत्राने फेकत होते, असे मी नंतर ऐकले. गोफणीचा गोटा तिथवर पोचत नव्हता. दुपारपर्यंत सगळे संपले. मग माझ्यावरून पावले गेली ती आमची नव्हती. त्यांच्या चपलांना खाली खिळे होते आणि शंभर पावले एकदम पडत होती.

मातुगेन दरवाजात पडला. ते मला संध्याकाळी बायकांच्या रडण्यावरून कळले. माझ्याबद्दल जाणणाऱ्या दोघांतला एक गेला.

तीन दिवसांनी ते पेवांकडे आले. त्यांच्याबरोबर एक दुभाषी होता. तो पूर्वेकडचा, आमचीच भाषा बोलणारा. त्याने वेलोरिगाला पुढे घातले होते. तिने गाण्यातले एकही पेव लपवले नाही. गाणे म्हणत म्हणत तिने ढेरपोट्या दाखवला, दोघी बहिणी दाखवल्या, रडका दाखवला. ती इतक्या सहज दाखवत होती की दुभाष्याला संशय आला असावा.

"आमच्याकडं पण अशी पेवं होती, मावशी," तो म्हणाला. "आमच्या बाया इतक्या गोड नव्हत्या."

"तुमच्या बायांनी तुला शिकवलं नाही म्हणून तू हे काम करतोस," वेलोरिगा म्हणाली.

एक सैनिक लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसत चालला होता. माझ्या जागी माती ताजी आणि भुसभुशीत होती. सळई आत गेली आणि तो ओरडला. त्यांनी माती उकरली. डोमकावळ्याचा एक पंख वर आला. सैनिक हसले. एकाने सळईच्या टोकाने तो पंख उचलला. मला माझ्या झाकणावर सळईचे टोक घासलेले कळले.

दुभाषी जवळ येऊन उभा राहिला.

"हे कधी बंद केलंत?" त्याने हळू विचारले.

"या उन्हाळ्यात. ओल धरायला लागलं होतं."

"आत काही नाही ना, मावशी? खरं सांग. माझी मान अडकेल."

"आत जे आहे ते खालच्यांचं आहे. तुला पाहिजे तर तू माग. मी नाही मागणार."

तो दोन पावले मागे सरला. मग त्या लोकांच्या भाषेत काहीतरी बोलला. मला ती भाषा समजत नव्हती, पण त्याचा आवाज घाईचा होता. सैनिकांनी माती पायाने परत लोटली आणि ते खापऱ्याकडे गेले. मित्रांनो, त्या वेळी मला फार आनंद झाला. गोफणीच्या गोट्यांना जे जमले नाही ते एका मेलेल्या पक्ष्याने केले, असे मला वाटले. आपल्या माणसांची रीत आपले रक्षण करते, असेही वाटले.

तीस पेवे उपसून गाड्या भरायला चार दिवस लागले. शेवटच्या दिवशी कळले की वेलोरिगालाही नेणार आहेत. छावणीत धान्याला ओल लागत होती आणि ते राखायचे कसे हे जाणणारे कोणी त्यांना हवे होते. गाड्या उंचवट्यावरच उभ्या होत्या. एनिका भाकरी घेऊन आली. दुभाषी हाताच्या अंतरावर होता. मी सगळे ऐकत होते.

"गाणं म्हणून दाखव," वेलोरिगा म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच."

एनिकाने म्हटले. चूक एकही नव्हती. रडक्यापासून चाळीस पावलं, तिथं खापऱ्या.

"तसं नाही. मी पहिल्यांदा शिकवलं तसं."

"तसंच म्हणतेय, आत्याबाई."

"पहिल्यांदा. तू नवी आली होतीस तेव्हा."

"कसलं गाणं?" दुभाष्याने विचारले.

वेलोरिगा हसली. तिचे ते हसणे मी कधी विसरणार नाही, कारण ते खोटे होते. "सुनेला पाठ होत नाही," ती म्हणाली. "सात वर्षं डोकं फोडून घेतलं. आता तुमच्या छावणीत तरी सुटेन."

एनिकाचा नवरा जाऊन आठवडा झाला होता, आणि सासू जाता जाता परक्या माणसासमोर तिला टोचून बोलत होती. ओढत येणारा डावा पाय गाडीवर चढला. गाडी उताराला लागली. माझ्याबद्दल जाणणारी दुसरीही गेली.

त्यानंतर चार महिने मला काही कळले नाही. थोडी पावले होती, दिवसेंदिवस हलकी होत गेलेली. माझ्या आत सगळे ठीक होते. कडेचे दाणे उगवून मेले, जड हवा साठली, आणि मधले दाणे झोपले. मी माझे काम चोख करत होते. वर लोक ओकची फळे कुटून खात होते आणि खाली त्यांचे पुढचे वर्ष सुरक्षित होते.

वसंतात एका दुपारी दोघी आल्या. एक शेजारीण ब्रिगा होती. दुसरी टाचेवर जोर देऊन चालत होती, पण तिचे वजन उन्हाळ्यातल्याच्या निम्मेही नव्हते. रडक्यापाशी ती थांबली आणि गाणे म्हणू लागली. चाळीस पावलांची ओळ तिने अर्ध्यात सोडली. मग तिने जुनी ओळ म्हटली. वीस पावले मोजत ती उगवतीला आली आणि नेमकी माझ्यावर उभी राहिली.

"इथं," एनिका म्हणाली. "पहिल्यांदा शिकवलं तसं म्हण, म्हणाल्या होत्या. पहिल्यांदा म्हणजे मुक्यासकट."

"त्या छावणीतून काही निरोप आला का?" ब्रिगाने विचारले.

"पहिल्याच महिन्यात गेल्या. तापानं. तो दुभाषी सांगून गेला."

मला ते तेव्हा कळले.

ब्रिगा म्हणाली की खाली रस्त्यावर रोज एक माप देतात, आणि ते आपल्याच पेवांतले आहे. खापऱ्यातले जव तिने दाण्यावरून ओळखले होते. नऊ घरे उरली होती. तीही सगळी रस्त्यावर जायची ठरली होती. एनिकाच तेवढी थांबा म्हणत होती. तिचा धाकटा मुलगा हिवाळ्यात गेला होता, आणि मोठ्याला तिला रस्त्यावर न्यायचे नव्हते. मूठभर बी जरी मिळाले तरी पेरू, असे तिचे म्हणणे होते.

ती गुडघ्यांवर बसली आणि शिंगाच्या तुकड्याने उकरू लागली. अशक्त हाताने का होईना, पण ती उकरत होती, आणि मला प्रत्येक ओरखडा कळत होता. मग शिंग हाडाला लागले. पंख तसाच होता. पिसे अजून झडली नव्हती.

ब्रिगा मागे सरली.

"बंदच आहे," एनिका म्हणाली. "मी इथंच उभी होते. मी मीठ टाकलं होतं."

"झाक, एनिका. आधीच काय उरलंय आपलं? खालच्यांशी आणखी वैर नको."

"त्या उगाच बोलणाऱ्या नव्हत्या गं."

"जाताना माणूस काहीही बोलतं. माझा नवरा शेवटी गाईला हाका मारत होता. गाय कुठं होती?"

एनिकाने एक बोट पंखाखाली घातले आणि पंख उचलला. तिचे बोट मातीला लागले. त्या मातीखाली वीतभर चिकणमाती होती आणि त्याखाली नऊ घरांना पुरून उरेल इतके जव, विसात एकोणीस दाणे जिवंत. तिने माती थोडी ठोकून पाहिली. आवाज आला नाही. माझ्यावरून कधीच आवाज येत नसे.

मग तिने पंख परत ठेवला, आधी जसा पसरलेला होता तसाच. मीठ तिच्याकडे नव्हते. तिने हाताने माती ओढून घेतली, वरून सारखी केली आणि तळवा त्यावर टेकवला.

"चूक झाली," ती म्हणाली. "परत मागत नाही."

ती थोडा वेळ माझ्यावर बसली. नंतर दोघी उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचीच पावले उताराला लागली. त्यांत एक लहान मुलाची होती. एकही पाऊल परत आले नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. तो वसंत गेला. मला कोणी उघडले नाही. दाण्यांची झोप एका हिवाळ्यापुरती असते. ती फार लांबवता येत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात झाकणाला तडा गेला आणि पाणी आत आले. सगळे दाणे एकदमच जागे झाले. प्रत्येकाने पांढरा कोंब काढला, पण अंधारात इतक्या कोंबांना पुरेल एवढी हवा नव्हती. आठ दिवस मी आतून गरम होते. मग थंड झाले. झाकण खचले आणि डोमकावळा धान्यावर येऊन पडला. आज तिथे चार बोटे जाडीचा काळा थर आहे, इतकेच.

मी खूप विचार केला आहे. वेलोरिगाची चूक काय, हे मला नीट सांगता येत नाही. तिने सुनेला आणि नातवंडांना वाचवायचे म्हणून तिच्यापासून लपवले. एनिकाची चूक काय, तेही सांगता येत नाही. तिला जे पवित्र म्हणून शिकवले होते ते तिने पवित्र मानले. शत्रूला फसवायला जे केले त्याने शत्रू फसला, आणि घरची माणसेही फसली. मित्रांनो, तुम्हाला एवढीच विनंती आहे. कुणासाठी काही जपून ठेवाल तर ते कुठे आहे, हे त्याच माणसाला सांगून ठेवा. त्याला ओझे होईल म्हणून टाळू नका. ओझे झाले तरी ते त्याच्याकडे असेल. न सांगितलेले फक्त मातीकडे राहते, आणि मातीला ते देता येत नाही.

टेकडीवर आता मेंढ्या चरतात. तट अजून आहेत, गवताखाली गोल झालेले. खडूवर माती पातळ असते, पण माझ्या जागी ती खोल आहे आणि ओल धरून ठेवते. म्हणून उन्हाळा कोरडा गेला की सगळी टेकडी पिवळी पडते आणि एक लहानसा गोल तेवढा हिरवा राहतो. रडक्यापासून वीस पावले, उगवतीला. दोन हजार वर्षे मी तेवढेच सांगते आहे. जिला ते ऐकायचे होते ती येऊन गेली.